नाव कोणाचे? नॉर्थ डकोटा विद्यापीठाच्या क्रीडासंघाचे टोपणनाव व बोधचिन्ह : एक ऐतिहासिक अभ्यास (१९३०–२०१६)

प्रस्तावना

अमेरिकेतील विद्यापीठीय क्रीडासंघ हे त्यांच्या विद्यापीठाच्या नावापेक्षा टोपणनावानेच अधिक ओळखले जातात. एखाद्या प्राण्याचे, व्यवसायाचे अथवा लोकसमूहाचे नाव संघ धारण करतो. त्या नावाला साजेसे बोधचिन्ह गणवेशावर, मैदानावर आणि विक्रीच्या वस्तूंवर झळकते, आणि काही पिढ्यांनंतर ते नाव माजी विद्यार्थ्यांच्या अस्मितेचा भाग बनते. या नावांच्या उगमाकडे सामान्यतः गमतीदार आख्यायिका म्हणून पाहिले जाते. तथापि, काही नावांच्या मागे एका समाजाने दुसऱ्या समाजाकडे पाहण्याची दृष्टी दडलेली असते. नॉर्थ डकोटा विद्यापीठाच्या ‘फायटिंग सू’ म्हणजे ‘लढाऊ सू’ या नावाचा इतिहास त्यांपैकी एक होय.

हे नाव १९३० मध्ये स्वीकारण्यात आले व २०१२ मध्ये कायमचे सोडून देण्यात आले. या ब्याऐंशी वर्षांत ते टिकविण्यासाठी परंपरेचा, देणगीचा, कायद्याचा आणि बहुमताचा आधार घेण्यात आला. ज्या लोकांचे ते नाव होते, त्यांच्या संमतीचा प्रश्न मात्र सर्वांत शेवटी उपस्थित झाला आणि अखेरीस तोच निर्णायक ठरला. नाव वापरण्याचा अधिकार कशातून निर्माण होतो, या प्रश्नाच्या अनुषंगाने या नावाच्या व बोधचिन्हाच्या उगमाचा आणि विलयाचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

विद्यापीठ, प्रदेश आणि ‘सू’ हा शब्द

नॉर्थ डकोटा विद्यापीठाची स्थापना ग्रँड फोर्क्स येथे १८८३ मध्ये झाली. त्या वेळी नॉर्थ डकोटा हे राज्य अस्तित्वात नव्हते; ते १८८९ मध्ये संघराज्यात सामील झाले. म्हणजे राज्यापेक्षा विद्यापीठ सहा वर्षांनी जुने आहे. राज्याचे आणि विद्यापीठाचे ‘डकोटा’ हे नाव तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेतील असून त्याचा अर्थ ‘मित्र’ अथवा ‘सहयोगी’ असा होतो. पूर्वेकडील गट स्वतःला डकोटा, तर पश्चिमेकडील गट लकोटा म्हणवितात.

‘सू’ हा शब्द मात्र त्यांचा स्वतःचा नाही. त्यांच्या शेजारी राहणाऱ्या ओजिब्वे लोकांनी त्यांना दिलेले नाव फ्रेंच व्यापाऱ्यांनी आपल्या उच्चारानुसार लिहून घेतले. त्या लांबलचक फ्रेंच रूपाचा शेवटचा तुकडा म्हणजे ‘सू’. पुढे अमेरिकी शासनाने करारांत व कागदपत्रांत हाच शब्द वापरल्यामुळे तो रूढ झाला आणि कालांतराने त्या समाजानेही व्यवहारात तो स्वीकारला. अशा रीतीने त्या भूमीला लोकांनी स्वतःला दिलेले नाव मिळाले, तर क्रीडासंघाला इतरांनी त्या लोकांना दिलेले नाव मिळाले. हा विरोधाभास पुढील साऱ्या इतिहासाच्या मुळाशी आहे.

१९३० चे नामांतर

विद्यापीठाचा संघ १९३० पूर्वी ‘फ्लिकरटेल्स’ या नावाने ओळखला जाई. फ्लिकरटेल म्हणजे उत्तरेकडील गवताळ मैदानांत बिळे करून राहणारी, शेपटी सतत उडविणारी एक लहानशी खार. नॉर्थ डकोटा राज्यालाही या खारीवरून टोपणनाव पडले होते. परंतु फुटबॉलच्या मैदानावर खारीचे नाव फारसे धाक उत्पन्न करणारे नव्हते. त्यातच फार्गो येथील प्रतिस्पर्धी कृषी महाविद्यालयाने (आजचे नॉर्थ डकोटा स्टेट विद्यापीठ) त्याआधीच ‘बायसन’ म्हणजे रानगवा हे भारदस्त नाव घेतले होते.

१९३० मध्ये विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रातून नामांतराची मागणी पुढे आली. तिच्या समर्थनार्थ मांडलेली कारणे लक्षणीय आहेत. सू लोक बायसनचा संहार करण्यात निष्णात होते, हे पहिले कारण. ते युद्धप्रिय व सुदृढ बांध्याचे होते, हे दुसरे. आणि ‘सू’ या शब्दाशी सहज यमक जुळते, त्यामुळे घोषणा व गीते रचणे सोपे जाईल, हे तिसरे. त्याच वर्षी हे नाव अधिकृतपणे स्वीकारण्यात आले. ‘लढाऊ’ हे विशेषण त्याला नंतर जोडले गेले.

या कारणांत सू समाजाचा गौरव करावा असा हेतू प्रकर्षाने दिसत नाही. तेथे प्रतिस्पर्ध्याची खोड काढण्याचा विद्यार्थीसुलभ उत्साह अधिक आहे. त्यात दुष्टावा होता असेही म्हणता येत नाही. तथापि, त्या काळाची पार्श्वभूमी विचारात घेतली पाहिजे. सू लोकांच्या सशस्त्र प्रतिकाराची अखेर डिसेंबर १८९० मध्ये झाली. त्या महिन्यात सिटिंग बुल हा नेता स्टँडिंग रॉक येथे मारला गेला आणि दोन आठवड्यांनी वुंडेड नी येथे लष्कराने स्त्रिया व मुलांसह लकोटांचे हत्याकांड केले. या घटनांना १९३० मध्ये अवघी चाळीस वर्षे झाली होती. सर्व मूलनिवासींना अमेरिकी नागरिकत्व देणारा कायदा १९२४ चा, म्हणजे नामांतराच्या केवळ सहा वर्षे आधीचा. त्यांच्या मुलांना घरापासून दूर निवासी शाळांत ठेवून भाषा व चालीरीती विसरावयास लावण्याचे धोरण त्या वेळीही चालू होते. म्हणजे ज्या काळात मुलाला आपले नाव व भाषा टिकविणे कठीण होते, त्याच काळात त्या समाजाचे नाव मैदानावरील घोषणेसाठी घेतले गेले. बायसनच्या संहाराचा उल्लेखही इतिहासाला धरून नाही. रानगव्यांचे कळप एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नष्ट झाले ते मुख्यतः कातडीच्या व्यापारासाठी बंदुकीने शिकार करणाऱ्यांमुळे, आणि त्यामुळे ज्यांचे अन्न हिरावले गेले त्यांत सू लोक प्रमुख होते.

बोधचिन्हांची परंपरा

नावाप्रमाणेच बोधचिन्हांचा इतिहासही उसनवारीचा आहे. आरंभीच्या काळात व्यंगचित्रासारखा ‘सॅमी सू’ हा शुभंकर प्रचलित होता. १९७२ च्या हिवाळ्यात विद्यापीठाच्या परिसरातील एका उत्सवात मूलनिवासी स्त्रीची विटंबना करणारे बर्फाचे शिल्प उभारण्यात आले. त्यावरून मूलनिवासी विद्यार्थ्यांशी संघर्ष उद्भवला, आणि त्यानंतर हा शुभंकर मागे घेण्यात आला.

दरम्यान, विद्यापीठाने शिकागोच्या ‘ब्लॅकहॉक्स’ या व्यावसायिक आइस हॉकी संघाच्या चिन्हाशी मिळतेजुळते मूलनिवासी मस्तकाचे चित्र वापरण्यास प्रारंभ केला होता. शिकागोच्या संघाचे नाव पहिल्या महायुद्धातील एका सैन्यदलाच्या नावावरून आले, आणि त्या दलाला ते ब्लॅक हॉक या नेत्यावरून मिळाले होते. ब्लॅक हॉक हा सॉक जमातीचा होता. तात्पर्य, सू लोकांच्या नावाने खेळणाऱ्या संघाच्या छातीवर दीर्घकाळ एका वेगळ्याच जमातीच्या नेत्याच्या स्मृतीतून आलेली प्रतिमा होती, आणि ही विसंगती फारशी कोणाला खटकली नाही. कोणत्याही एका व्यक्तीचे अथवा जमातीचे चित्रण करावे, असा या प्रतिमांचा उद्देशच नव्हता. ‘इंडियन’ नावाची एक सरसकट कल्पना तेवढी त्यांना अभिप्रेत होती, असे यावरून दिसते. हे चित्र १९९३ मध्ये वापरातून काढण्यात आले.

१९९९ मध्ये नवे बोधचिन्ह सादर झाले. पिसे धारण केलेल्या योद्ध्याचा एका बाजूने दिसणारा चेहरा असे त्याचे स्वरूप होते. ते बेनेट ब्रायन या चित्रकाराने रेखाटले. ब्रायन हे याच विद्यापीठाचे माजी विद्यार्थी असून टर्टल माउंटन येथील चिपेवा, म्हणजेच ओजिब्वे, समाजाचे होत. कलाकृती म्हणून हे चिन्ह आधीच्या चिन्हांपेक्षा निःसंशय सरस होते, आणि ते मूलनिवासी कलावंताचे आहे हा समर्थकांचा मुख्य युक्तिवाद बनला. तथापि, ‘सू’ हा शब्द ज्या ओजिब्वे भाषेतून फ्रेंचांमार्फत आला, त्याच समाजातील कलावंताने सू योद्ध्याचा चेहरा रेखाटावा, हा योगायोग विचार करण्यासारखा आहे. नाव आणि चेहरा ही दोन्ही शेजाऱ्यांकडूनच आली.

आक्षेपांचे स्वरूप

नावाला समाजातून पाठिंबाच नव्हता, असे म्हणणे एकांगी ठरेल. १९६९ मध्ये स्टँडिंग रॉक येथील काही ज्येष्ठ मंडळींनी विद्यापीठात येऊन समारंभपूर्वक या नावाला मान्यता दिली, असे समर्थक सांगत आले. धूम्रनलिकेच्या पवित्र विधीने दिलेला शब्द मागे घेता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्या समाजात विधीला असलेले स्थान पाहता हा युक्तिवाद सहज बाजूला सारण्याजोगा नाही.

दुसरीकडे, विद्यापीठात मूलनिवासी विद्यार्थ्यांची संख्या वाढत गेली. मूलनिवासींमधून डॉक्टर घडविण्याचा उपक्रम येथे १९७३ पासून चालू आहे, आणि तो देशात नावाजलेला आहे. अभ्यासासाठी आलेल्या या विद्यार्थ्यांना सामन्यांच्या वेळी वेगळाच अनुभव येई. प्रतिस्पर्धी संघांचे प्रेक्षक ‘सू’ या नावाला जोडून अश्लील व अपमानास्पद घोषणा देत आणि त्या सदऱ्यांवर छापून विकल्याही जात. १९३० मध्ये यमकाची सोय हे नाव घेण्याचे एक कारण होते. तीच सोय आता प्रतिस्पर्ध्यांच्याही कामी आली. शिवी संघाला उद्देशून असली तरी ती ऐकणारा विद्यार्थी त्या नावाच्या समाजात जन्मलेला असे. संघाचा गणवेश उतरवून ठेवता येतो, जन्मजात नाव उतरवता येत नाही. आक्षेपाचा गाभा हाच होता.

स्टँडिंग रॉक जमातीच्या परिषदेने १९९२ पासून वेळोवेळी ठराव करून नाव बदलण्याची मागणी केली. राष्ट्रीय पातळीवरही वातावरण बदलत होते. स्टॅनफर्ड विद्यापीठाने ‘इंडियन्स’ हे नाव १९७२ मध्येच सोडले होते. अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगाने २००१ मध्ये, तर अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेने २००५ मध्ये अशी नावे व प्रतिमा शिक्षणसंस्थांनी सोडाव्यात, अशी भूमिका घेतली.

देणगी आणि निर्णयस्वातंत्र्य

या वादाला निर्णायक वळण देणारी घटना क्रीडाक्षेत्राबाहेरची होती. राल्फ एंगलस्टाड हे विद्यापीठाच्या आइस हॉकी संघाचे माजी गोलरक्षक पुढे लास व्हेगास येथील धनाढ्य व्यावसायिक झाले. १९९८ मध्ये त्यांनी विद्यापीठाला १० कोटी डॉलरची देणगी जाहीर केली आणि तिचा मोठा भाग नव्या हॉकी क्रीडागृहासाठी होता. बांधकाम चालू असतानाच, नव्या शतकाच्या उंबरठ्यावर, नावाचा फेरविचार करण्यासाठी विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स कुपचेला यांनी आयोग नेमला.

डिसेंबर २००० मध्ये एंगलस्टाड यांनी कुपचेला यांना पत्र पाठविले. नाव बदलल्यास बांधकाम थांबवून ते अर्धवट सोडून देण्याचा इशारा त्यात होता. पत्राच्या प्रती राज्याच्या उच्च शिक्षण मंडळाच्या सदस्यांकडेही गेल्या. मंडळाने अध्यक्षांच्या निर्णयाची वाट न पाहता त्याच महिन्यात नाव कायम ठेवण्याचा ठराव एकमताने मंजूर केला. ऑक्टोबर २००१ मध्ये क्रीडागृहाचे उद्घाटन झाले, तेव्हा त्याच्या जमिनीवर, भिंतींवर आणि आसनांच्या रांगांवर बोधचिन्हाच्या हजारो आकृती बसविलेल्या होत्या. या संगमरवरी व ग्रॅनाइटी आग्रहामागचा हेतू स्पष्ट होता : पुढे कोणाला नाव बदलावेसे वाटले, तर ते अत्यंत खर्चिक व्हावे.

या मंडळाचा पूर्वेतिहास येथे नोंदविणे उचित ठरेल. १९३७ मध्ये राजकीय हस्तक्षेपातून कृषी महाविद्यालयातील कर्मचाऱ्यांना काढून टाकण्यात आल्यामुळे त्या संस्थेची मान्यता धोक्यात आली होती. त्यानंतर १९३८ मध्ये मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून हे मंडळ निर्माण केले. राजकीय दबावापासून संस्थांचे रक्षण करण्यासाठी जन्मलेले मंडळ आर्थिक दबावापुढे मात्र टिकाव धरू शकले नाही.

संमतीचा प्रश्न

ऑगस्ट २००५ मध्ये नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन (एनसीएए) या नियामक संघटनेने नवे धोरण जाहीर केले. मूलनिवासींविषयी अवमानकारक ठरणारी नावे व प्रतिमा वापरणाऱ्या १८ संस्थांची यादी तिने प्रसिद्ध केली. फेब्रुवारी २००६ पासून अशा संस्थांना राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांत ती चिन्हे वापरण्यास व त्या स्पर्धांचे यजमानपद भूषविण्यास निर्बंध आले. त्याच ऑगस्टमध्ये फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाला मात्र ‘सेमिनोल’ या नावाबाबत सूट मिळाली, कारण फ्लोरिडातील सेमिनोल जमातीचा स्पष्ट पाठिंबा त्या विद्यापीठापाशी होता. यातून एक तत्त्व प्रस्थापित झाले : नाव चांगले की वाईट हे बाहेरच्यांनी ठरवू नये, ज्यांचे नाव त्यांना विचारावे.

नॉर्थ डकोटा राज्याने २००६ मध्ये एनसीएएविरुद्ध दावा दाखल केला. ऑक्टोबर २००७ मध्ये तडजोड झाली. स्पिरिट लेक आणि स्टँडिंग रॉक या दोन्ही सू जमातींची संमती ३० नोव्हेंबर २०१० पर्यंत मिळाली तर नाव राहील, अन्यथा ते सोडावे लागेल, असे ठरले. नाव घेतल्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी प्रथमच त्याचे भवितव्य त्या लोकांच्या औपचारिक संमतीवर अवलंबून ठेवण्यात आले.

उत्तर मात्र एकमुखी आले नाही. एप्रिल २००९ मध्ये स्पिरिट लेक जमातीने मतदान घेतले आणि सुमारे ६७ टक्के मतदारांनी नाव ठेवण्याच्या बाजूने कौल दिला. याच जमातीने १९९० च्या दशकात ‘डेव्हिल्स लेक सू’ हे आपले अधिकृत नाव बदलून घेतले होते. ‘पवित्र जल’ अशा अर्थाच्या मूळ शब्दाचे ‘सैतानाचे सरोवर’ असे भाषांतर गोऱ्या वसाहतकारांनी केले होते, ते तिने दूर सारले. नावाचे मोल जाणणाऱ्या या समाजाने संघाच्या नावाला संमती द्यावी, यावरून मूलनिवासींचे मत एकसारखेच असते हे गृहीतक किती अपुरे आहे हे ध्यानात येते. स्टँडिंग रॉकच्या परिषदेने मात्र आपला विरोध कायम ठेवला व मतदान घेतले नाही. एप्रिल २०१० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, मुदत संपण्यापूर्वीही नाव सोडण्याचा अधिकार मंडळाला आहे, असा निर्णय दिला. त्यानंतर ते सोडण्याची प्रक्रिया सुरू झाली.

विधिमंडळ आणि सार्वमत

प्रकरण तेथे थांबले नाही. मार्च २०११ मध्ये विधिमंडळाने कायदा करून हे नाव व बोधचिन्ह वापरणे विद्यापीठावर बंधनकारक केले. एनसीएए बधली नाही आणि इतर विद्यापीठे या संघाशी सामने खेळण्यास कचरू लागली. परिणामी, नोव्हेंबर २०११ मध्ये त्याच विधिमंडळाने तो कायदा रद्द केला. समर्थकांनी स्वाक्षऱ्या गोळा करून सार्वमताची मागणी केल्यामुळे फेब्रुवारी २०१२ मध्ये कायदा तात्पुरता पुन्हा जिवंत झाला. अखेर १२ जून २०१२ रोजी झालेल्या राज्यव्यापी मतदानात सुमारे ६७ टक्के मतदारांनी नाव सोडण्याच्या बाजूने कौल दिला.

स्पिरिट लेक येथे नाव ठेवण्यासाठी आणि राज्यात ते सोडण्यासाठी मिळालेले मतांचे प्रमाण जवळपास सारखेच असावे, हा योगायोग बोलका आहे. तथापि, राज्यातील कौलाचा अर्थ लावताना सावधगिरी बाळगली पाहिजे. विद्यापीठाच्या हितचिंतकांच्या प्रचाराचा भर, नाव राहिल्यास क्रीडाविभागाची हानी होईल, या मुद्द्यावर होता. बहुसंख्यांचे मन वळले, का केवळ हिशेब बदलला, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही.

नवे नाव, जुनी चिन्हे

कायद्यानुसार जानेवारी २०१५ पूर्वी नवे नाव घेण्यास मनाई होती. त्यामुळे काही वर्षे संघ केवळ ‘नॉर्थ डकोटा’ या नावाने खेळला. म्हणजे त्या लोकांनी स्वतःला दिलेले नाव तेवढे गणवेशावर उरले होते. नोव्हेंबर २०१५ मध्ये झालेल्या अंतिम मतदानातून ‘फायटिंग हॉक्स’ म्हणजे ‘लढाऊ ससाणे’ हे नाव निवडले गेले. जून २०१६ मध्ये नवे बोधचिन्ह प्रसिद्ध झाले. त्यापूर्वीच, एप्रिल २०१६ मध्ये, आइस हॉकी संघाने आठवे राष्ट्रीय अजिंक्यपद पटकाविले होते. नाव गेले तर संघाचे तेज जाईल, ही भीती मैदानावर तरी खरी ठरली नाही.

क्रीडागृहातील चिन्हांबाबत २०१२ मध्ये करारात दुरुस्ती होऊन दगडात बसविलेल्यांपैकी काही राहू देण्यात आली. जुन्या चिन्हाचा व्यापारी हक्कही विद्यापीठाने सोडला नाही; तो सोडल्यास कोणीही ते छापून विकू शकला असता. संमतीअभावी जे वापरता येत नाही, ते इतरांच्या हाती जाऊ नये म्हणून मालकीत ठेवावे लागते, अशी ही अवघड अवस्था होय.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, क्रीडासंघाच्या नावाचा उगम बहुधा स्पर्धेच्या तात्कालिक गरजेत असतो. गौरवाचा अर्थ त्याला नंतर चिकटविला जातो आणि मग तोच मूळ हेतू होता असे मानले जाते. दुसरी, परंपरा, देणगी, कायदा व बहुमत यांनी नावाचे आयुष्य वाढविले, पण त्यांपैकी कशातूनही नावावरील अधिकार सिद्ध झाला नाही. तिसरी, संमती हे तत्त्व योग्य असले तरी सोपे नाही. एका जमातीचा होकार आणि दुसरीचा नकार यांत कोणाचे मत समाजाचे मत मानावे, या पेचातून सुटण्यासाठी दोघींचीही संमती आवश्यक ठरविण्यात आली. ज्या नावाने कोणाचा तरी मान दुखावतो, तेथे नकाराला अधिक वजन द्यावे, असा या तडजोडीचा आशय होता.

शिक्षणसंस्थांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा बोध कालक्रमात आहे. १९३० मध्ये स्टँडिंग रॉक व स्पिरिट लेक ही वस्तीस्थाने ग्रँड फोर्क्सच्याच राज्यात होती. विचारण्यासाठी फार दूर जावे लागले नसते. त्या वेळी विचारले गेले नाही म्हणून पुढे आयोग, खटले, दोनदा फिरविलेला कायदा आणि एक सार्वमत यांची किंमत मोजावी लागली, आणि ती सर्वाधिक मोजली ती तेथे शिकावयास आलेल्या मूलनिवासी विद्यार्थ्यांनी.